ताई, कोणता पिकअप बसवू?

ताई, परवा तिवारीजी येऊन गेले. खाली तुझ्या खोलीत बसवेना त्यांना. दारातूनच मागे फिरले आणि जिना चढून वर आमच्याकडे आले. वृंदाने केलेला चहा समोर गार होत राहिला. बराच वेळ तुमच्या गाण्याच्या ग्रुपचं काहीबाही बोलले, मग रुमालाने चष्मा पुसत म्हणाले, "श्रीकांत भैया, इतवार को रेल्वे इन्स्टिट्यूट के हॉल में सब बैठेंगे, दीदी के लिए. भाषण-वाषण कुछ नहीं, बस गाना-बजाना. दीदी की गिटार रहे तो अच्छा लगेगा. मुक्ता बिटिया बजा दे."

लेकीच्या वतीने मी हो म्हणून बसलो.

ते गेल्यावर ध्यानात आलं की तुझी गिटार वाजण्याच्या स्थितीतच नाही. माझ्या कामाच्या टेबलावर ती तशीच पडली आहे. तारा काढलेल्या, वरची पांढरी पट्टी उघडलेली, तारा टेकतात त्या घोडीजवळची खाच रिकामी. शेजारी दोन पिकअप. एक तू मागवलेला, एक मी. आपलं भांडण जिथे थांबलं तिथेच ते पडून आहेत, आणि आता रविवारच्या आत मला एकट्याने ठरवायचंय.

समाचाराला येणारी माणसं टेबलाकडे बघून विचारतात, हे काय उघडून ठेवलंय? मी सांगतो, इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली ही बोटाएवढी पट्टी असते, आत चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे वेढे. वरची तार हलली की इथे वीज उमटते, ती स्पीकरला जाते. गिटारचा गळा म्हणा ना. ते मान हलवतात आणि तुझ्या फोटोकडे वळतात. मी ज्या कारखान्यात काम करतो तिथे घराएवढ्या ट्रान्सफॉर्मरसाठी अशीच वेटोळी गुंडाळतात. सारा जन्म वेटोळी तपासण्यात गेला माझा, आणि या एवढ्याशाने माझी झोप उडवली आहे.

ही गिटार आली तो दिवस मला अजून दिसतो. रेल्वे कॉलनीतले डेरिक अंकल, रिटायर्ड ड्रायव्हर, मुलीकडे ऑस्ट्रेलियाला कायमचे चालले होते. तू त्यांच्याकडे शिकायला जातेस हे आईला ठाऊक होतं, बाबांना नव्हतं. भुसावळहून बदलून आलेल्या बाबांना वाटायचं, मुलीने पेटी शिकावी, फार तर सतार. अंकल टाय लावून दारात उभे राहिले आणि बाबांना म्हणाले, "साब, ये गिटार आपका लड़की का है. हम तो बस रखा था." बाबांनी आतून स्वतःची वेताची खुर्ची आणून त्यांना बसायला दिली. तू पडद्याआड माझा हात एवढा घट्ट धरला होतास की मला ओरडावंसं वाटलं.

आणि तुम्ही वाजवायला गेला होतात ते चिरगाँवचं लग्न. तिवारीजींनी परवा पुन्हा तेच काढलं. मांडवामागे जनरेटर, आणि त्याचा घुंऽऽ आवाज गिटारमधून स्पीकरवर येत होता. जुन्या एकवेटोळी पिकअपची ही खोडच, आसपासची वीज ओढून घेतो आणि गुणगुणत बसतो. मी तेव्हा कॉलेजात होतो, तुमच्या वायरी उचलायला आलो होतो, आणि घाबरून एकेक प्लग उपटत होतो. तू मला थांबवलंस. थोडा वेळ कान देऊन ऐकलंस आणि तिवारीजींना म्हणालीस, "पंडितजी, तानपुरा मिल गया. इसी पे सा पकड़ लो." ते खरंच त्या सुरावर गायले. नवरदेवाचे मामा नंतर विचारत होते, तुमचा तानपुरा कुठे लपवलाय? बसमधून परत येताना तू खिडकीला डोकं टेकून हसत होतीस. बाबा जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांच्या जागी तुला रेल्वेत चिकटवलं होतं, आणि त्यानंतर मी तुला पहिल्यांदाच एवढं हसताना बघितलं.

तू तो आवाज असा ऐकायचीस. म्हणून गेल्या थंडीत तू म्हणालीस, "श्री, गिटार मेली रे. रजईखालून वाजल्यासारखी वाजतेय," तेव्हा मी मुकाट्याने मीटर घेऊन खाली आलो. तुझ्यासमोरच लावला. आकडा हवा तसा होता. स्क्रू-ड्रायव्हरने पिकअपवर टकटक केलं, स्पीकरमधून ठणठणीत टक आलं.

"ताई, पिकअप चांगला आहे."

"तुझ्या मीटरला गाणं ऐकू येतं का?"

मी हसलो. तू हसली नाहीस. नवा मागव म्हणालीस, मी मागवला. जरा तीक्ष्ण आवाजाचा. बसवला. तू वाजवून पाहिलंस, मान वाकडी करून, उजवा कान स्पीकरकडे नेत. "बराय. पण अजून मोकळा हवा." मग आणखी एक आणला, त्याहून धारदार. माझ्या दातांत कळ गेली. तू म्हणालीस, "हां, आता जरा जीव आला."

त्याच दिवसांत वृंदा वरून ओरडायची, "ताई, कुकर!" खाली शिट्ट्यांवर शिट्ट्या होत असायच्या आणि तू शेजारच्या खोलीत पेपर वाचत असायचीस. स्टेशनवर मुक्ताला सोडायला गेलो तर तू म्हणालीस, आजकाल अनाउन्समेंटवाले तोंडात पान ठेवून बोलतात. मला कळत होतं. वृंदालाही. तुला आमच्याआधी कळलं असणार असं आता वाटतं. पण पिकअप बदलता येतो, म्हणून आपण पिकअपबद्दल बोलत होतो.

मग ती तालीम. तुझ्या रिटायरमेंटचा कार्यक्रम डोळ्यासमोर होता. तू ऑफिसात आधीच सांगून ठेवलं होतंस, मी स्टेजवर बसून हार घेणार नाही, मी वाजवणार. हॉलमध्ये दुपारी सगळे जमले. तू पहिलाच तुकडा वाजवलास आणि ड्रमवाल्याने कानात बोट घातलं. तू बघितल्यावर पटकन काढलं. तिवारीजी फार हळू म्हणाले, "दीदी, थोड़ा चुभ रहा है." तू त्यांच्याकडे बघितलंच नाहीस. माझ्याकडे बघितलंस. मी म्हणालो, "हो ताई. टोचतंय."

तू शांतपणे वायर काढलीस, गुंडाळलीस, गिटार पिशवीत घातलीस.

कान तपासायला तू आपण होऊन तयार झालीस, हे मला पटकन खरं वाटलं नाही. त्या काचेच्या खोलीत तुला बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी काचेबाहेर त्या तपासणाऱ्या मुलीमागे उभा होतो. सुरुवातीला तुझा अंगठा पटापट हलत होता. मग ती एकेक स्वर वर सरकवत गेली, मला तिचा हात दिसत होता, आणि तुझा अंगठा थांबला. तू डोळे मिटले होतेस. रियाजाला बसल्यासारखी तू मन लावून वाट बघत होतीस. ती मुलगी स्वर सोडत होती आणि तू वाट बघत होतीस. मी तिथून बाहेर येऊन उभा राहिलो.

तिथून आपण लक्ष्मी तालला गेलो, तळ्याकाठच्या महालक्ष्मीच्या देवळात. तुझा हट्ट. दर्शन घेऊन बाहेर बसलो. तू प्रसादातली साखर कागदातून एकेक दाणा खात होतीस.

"सगळं ऐकू येतं मला, श्री. फक्त वरचं गेलंय."

"होईल काहीतरी. मशीन लावलं की..."

"लावते मशीन. पण पिकअप मला धारदारच पाहिजे. मला ऐकू येईल असा."

मी म्हणालो, "लोकांना टोचतो तो. ऐकणाऱ्यांचा विचार करशील की नाही?"

"आणि वाजवणारीला ऐकू आलं नाही तर? तार खेचते तेव्हा सूर बरोबर जागी पोचला की नाही ते मला कोण सांगणार? तू? मीटर लावून?"

"अगं, पण ज्यांच्यासाठी वाजवायचं..."

"मी कुणासाठी वाजवते ते तू मला सांगू नकोस."

ताई, मला तिथे गप्प बसता आलं असतं. पण मी इरेला पेटलो होतो. मी म्हणालो, "निरोपाच्या दिवशी सगळं ऑफिस कानात बोटं घालून बसलेलं चालेल तुला?"

तू कागदाची पुडी केलीस, चपला पायांत सरकवल्यास आणि रस्त्याकडे निघालीस. ई-रिक्षात मी पुढे तोंड करून बसलो, तू समोरच्या बाकावर मागे तोंड करून. अख्खा रस्ता माझ्या खांद्यावरून मागे बघत होतीस. नगऱ्यात घरापाशी उतरताना ड्रायव्हरला म्हणालीस, "भैया, इनसे पैसे ले लेना," जशी काही आपली ओळखच नव्हती.

मी आजही तेच म्हणेन. रागवू नकोस. तो पिकअप टोचतो. ज्याच्यासमोर वाजवायचं त्याला त्रास झाला तर त्याला वाजवणं म्हणत नाहीत. आणि तुझंही खरं होतं, स्वतःला ऐकू न येता वाजवायचं म्हणजे डोळे बांधून भाजी चिरायची. दोघांचं खरं होतं म्हणूनच ते मिटेना.

कानाचं मशीन तू आठवडाभर लावून बघितलंस. "पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी वाजते गिटार," म्हणालीस आणि ते डबीत घालून देवघरातल्या कोनाड्यात ठेवून दिलंस. मग तू मुक्ताला हाताशी धरून फोनवरून स्वतःच तो पिकअप मागवलास, सगळ्यांत धारदार. मीही हट्टाने दुसरा मागवला, दुवेटोळी, भरदार, न गुणगुणणारा. एके दिवशी तू गिटार वर आणून माझ्या टेबलावर आडवी ठेवलीस. "खोलून ठेव. बघू," एवढंच बोललीस. मी खोलून ठेवली. तुझा निरोपसमारंभ गिटारशिवायच उरकला. नंतर आपण सगळं बोलत होतो, सिलिंडर, मुक्ताची नोकरी, लोणच्याच्या कैऱ्या. फक्त हे सोडून.

त्या सकाळी वृंदाने जिन्यातून तुला हाक मारली. उपमा केला होता. तू ओ दिली नाहीस. तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तिने मला सांगितलं, मी म्हणालो, "राहू दे, येईल वर." मला तरी दुसरं काय वाटणार? तुझं ओ न देणं आमच्या इतकं अंगवळणी पडलं होतं. मी अंघोळ केली, पेपर चाळला. डबा घेऊन खाली उतरलो तेव्हा तू ओट्याजवळ पडली होतीस.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "कब से ऐसे पड़ी थीं?" आम्हा दोघांना सांगता येईना. त्यांनी चक्कर यायची का विचारलं. वृंदा म्हणाली नाही. मग मुक्ता म्हणाली हो. तिला तू दोनदा सांगितलं होतंस आणि वर शपथ घातली होतीस, बाबांना बोलू नको म्हणून. ताई, काय हे? कान लपवलेस, चक्कर लपवलीस, एका घरात, एका जिन्याच्या अंतरावर. राग येतो मला. तुझ्या फोटोला हार घालतानाही येतो.

वृंदा अजून कुठल्याही वेळी मधेच म्हणते, "मी पुन्हा एकदा हाक मारायला हवी होती हो." मी तिला समजावतो की त्याने फरक पडला नसता. पडला असता की नाही हे मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारायचं धाडस केलं नाही मी. ओरछ्याला बेतवा नदीत अस्थी सोडून परत येताना गाडीत प्रत्येकजण त्याच सकाळचा विचार करतोय हे तिघांनाही कळत होतं.

तर ताई, तो रविवारही होऊन गेला. त्या दिवशी सकाळी इस्त्री तापवावी तशी वायरी जोडायची सोल्डरिंग आयर्न तापवली. मुक्ता समोर स्टुलावर येऊन बसली. आधी मी माझा बसवला, सगळ्या तारा चढवल्या. तिने वाजवला. काय सांगू, सुरेख. गोल, भरलेला, कुठे खरखर नाही. मुक्ता म्हणाली, "मस्त है बाबा." मी जिंकलो होतो, आणि हे कुणाला सांगावं ते मला कळेना.

मग तारा उतरवून तुझा बसवला. पहिल्याच सुराला मुक्ताने डोळे बारीक केले. तू म्हणायचीस तसा मोकळा वगैरे काही नाही, ताई, सुई आहे ती. पण मी तोच ठेवायचं ठरवलं होतं. म्हणालो, "असू दे. तिला हाच हवा होता. आजच्या दिवस लोक सहन करतील." आणि बोलता बोलता मुक्ताला लक्ष्मी तालचं सगळं सांगून टाकलं. तू काय म्हणालीस, मी काय म्हणालो.

तिला मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र अडखळते, हे तुला ठाऊकच आहे. तिने तारांवर हात ठेवून आवाज बंद केला.

"बाबा, इसमें झगड़ा क्या था? आत्या के पास एक अलग छोटा स्पीकर रख देते ना. उसमें तीखा. हॉल वाले में मिक्सर से धार कम कर देते. आत्याला पण ऐकू आलं असतं, और लोगों को भी नहीं चुभता."

मी आयर्नची वायर काढली आणि गच्चीत जाऊन उभा राहिलो.

एकाच लाइनवरून कारखान्याला एक दाब आणि घराला दुसरा दाब पोचवायचा, यावर माझं पोट चाललंय, ताई. इतकी वर्षं. आणि मी तुला लोकांचे कान की तुझे कान असं निवडायला लावत होतो. तू देवळाबाहेर साखर खात बसली होतीस, तेव्हा मी नुसतं एवढं म्हणालो असतो की थांब, शेजारी एक डबा ठेवू. तुला वाजवता आलं असतं. तुझ्या समारंभात तू वाजवलं असतंस. तुझं आयुष्य त्याने वाढलं नसतं, एवढं मला कळतं. पण शेवटचे महिने तू गिटारशिवाय काढलेस. ती माझ्या टेबलावर होती, तू खाली होतीस.

मुक्ता वर आली. माझ्या बाहीला पकडून उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "चलें? तिवारी अंकल का फोन आ रहा है."

हॉलमध्ये तुझी सगळी माणसं होती. ऑफिसमधल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या, आपल्या मराठी मंडळातले पाटणकर काका काठी टेकत आले होते. तिवारीजींनी तुझा फोटो टेबलावर ठेवला होता, त्यांना जमेल तशी फुलं लावून. मुक्ताने मला विचारलं नाही. घरून तिचा तालमीचा छोटा स्पीकर आणला होता, तो स्टेजवर स्वतःच्या पायाशी ठेवला, तोंड आपल्याकडे करून. मग साउंडच्या मिक्सरवर जाऊन हॉलच्या स्पीकरची धार उतरवली. तिवारीजी बघत राहिले. "ये क्या कर रही हो बिटिया?" ती म्हणाली, "आत्या वाला सेटिंग है, अंकल."

ती वाजवायला लागली. मी हॉलच्या मधोमध उभा राहून ऐकलं. कुठेही टोचत नव्हतं. पाटणकर काका मान डोलावत होते. ड्रमवाल्याचे दोन्ही हात काठ्यांवरच होते. इतकं सोपं होतं ते.

मग मी स्टेजच्या बाजूच्या पायऱ्या चढून गेलो आणि मुक्ताच्या शेजारी, त्या छोट्या स्पीकरच्या समोर, जिथे तू उभी राहिली असतीस तिथे जाऊन उभा राहिलो. आवाज थेट कानात शिरत होता, सुईसारखा, डोळ्यांत पाणी आणणारा. मुक्ताने वाजवता वाजवता भुवईने खूण केली, बाबा, बाजूला व्हा, त्रास होईल.

मी हललो नाही, ताई. तिचं वाजवून होईपर्यंत मी तिथेच उभा होतो.